दुर्बीण माळ्यावरून खाली काढ

प्रिय मुली,

तुझ्या कुमार-कादंबरीचं हस्तलिखित दिवाळीच्या सुट्टीत दोनदा वाचलं. पहिल्यांदा गोष्टीसाठी, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. सोबतचं पत्र मात्र तीनदा वाचलं, कारण त्यातलं एक वाक्य टोचत राहिलं: 'बाई, कादंबरी पुरी होईपर्यंत पक्षी बघायला जाणं बंद केलंय. दुर्बीण माळ्यावर टाकली.'

आधी ती खाली काढ.

का ते सांगते. तिसऱ्या प्रकरणात तुझी मंजू आजोबांबरोबर पहिल्यांदा उजनी धरणाच्या पाण्यावर होडीतून जाते. तिथं तू लिहिलंयस, 'पाण्यावर असंख्य सुंदर पक्षी विहार करत होते. निसर्गाचं ते रूप पाहून मंजू भारावून गेली.' उजनीकाठच्या भिगवणला कधी पाऊलही न टाकलेला माणूस हे लिहू शकेल. आणि त्याच पाकिटातल्या पत्रात गेल्या जानेवारीची हकिकत सांगताना तू काय लिहिलंस? रोहित पक्षी डोकं उलटं करून चोचीने चिखल गाळतो. नावाडी बऱ्याच अंतरावरच इंजिन बंद करतो आणि पुढे बांबूने होडी रेटतो. बांबू वर आला की त्याला काळा गाळ चिकटलेला असतो. मागे कुणाचा तरी फोन वाजला, थवा उठला, आणि तोवर पांढरट दिसणाऱ्या पक्ष्यांच्या पंखांतला लाल रंग एकदम उघडा पडला. हे सगळं पत्रात आहे, कादंबरीत नाही.

पत्र लिहिताना तू मला सांगत होतीस. कादंबरी लिहिताना 'लेखिका' होऊन बसलीस. तुझा छंद लेखनाचा वेळ खातो असं तुला वाटतं, पण तुझ्या लेखनात जे काही खरं उतरलंय ते त्या छंदानेच दिलंय. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना 'सुंदर पक्षी' नको असतात. चोच उलटी का धरतो, इंजिन किती लांब बंद केलं, हे त्यांना हवं असतं.

नवव्या प्रकरणातलं आजोबांचं दीड पानी भाषण काढून टाक. धरणामुळे गावं उठली, माणसं विखुरली, हे सगळं खरं आहे, आणि तुझ्या घरातलं आहे म्हणून तुला ते सांगायची कळकळ आहे हेही मला कळतं. पण मुलं भाषण आलं की पानं उलटतात. त्याऐवजी मंजूला उन्हाळ्यात पळसदेवला ने. पाणी ओसरलं की तिथलं बुडालेलं जुनं मंदिर उघडं पडतं, हे तू स्वतः पाहिलंयस. आजोबांना तिथं उभं कर आणि एवढंच बोलू दे, 'त्या तिकडं आपला उंबरा होता.' पुढचं मुलं आपापलं समजतील.

आता एक काम. हस्तलिखित आठवीच्या वर्गात मोठ्याने वाच. माझी पहिली कादंबरी मी आमच्या 8 वी 'ब'ला शनिवारच्या शेवटच्या तासाला वाचून दाखवायची. तिसऱ्या बाकावर एक मुलगा होता, कंटाळा आला की करकटकाच्या टोकाने बाकावर रेघा मारायचा. रेघेचा आवाज आला की मी त्या ओळीशी समासात फुली करायची. एका प्रकरणात अकरा फुल्या पडल्या. घरी जाऊन पाहिलं तर अकराही जागी माझ्यातली शिक्षिका बोलत होती. तुझ्या गावातल्या शाळेत विचार, आनंदाने तास देतील. 'आवडली का' असं मुलांना विचारू नकोस, ती हो म्हणतात. फक्त कान उघडे ठेव.

प्रकाशनाची घाई मला समजते. तेवीस वर्षांची आहेस, आणि साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराचं तू दोनदा लिहिलंस. त्याची वयोमर्यादा 35 आहे, म्हणजे तुझ्यापुढे भरपूर वर्षं आहेत. शिवाय अकादमी 2010पासून बालसाहित्यासाठी वेगळा पुरस्कार देते, तो मराठीलाही असतो. पण पुरस्काराकडे डोळे लावून कुमारांसाठी लिहायला बसलं की वाचक परीक्षक होतो, मूल राहत नाही.

आधी सुट्या गोष्टी पाठव. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971पासून चालू आहे. मुलांचे दिवाळी अंक आहेत, त्यांना उन्हाळा सरता सरता मजकूर द्यावा लागतो, गणपतीत पाठवलंस तर उशीर झालेला असतो. मग प्रकाशक. मराठीत मध्ये एजंट सहसा नसतो, आपणच लिहायचं. कुमारसाहित्य खरोखर छापणारे चार-पाच निवड, त्यांची पुस्तकं वाच, आणि एका पानाचं पत्र, सारांश नि पहिली तीन प्रकरणं पाठव. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तिचे चालू नियम बघून ठेव. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे मोफत मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर तिथून ऊठ.

आणि कागद वाचल्याशिवाय सही करू नकोस. हे मी सोसून सांगतेय. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी अर्ध्या पानाचं पत्र आलं, 'हक्क प्रकाशकाकडे' एवढंच. पुस्तक छापून येतंय या आनंदात मी सही केली. आवृत्ती संपली, नवी निघेना, आणि मी नऊ वर्षं गप्प बसले, मला वाटलं हक्क गेले ते गेलेच. मग एका वकील मैत्रिणीने 1957च्या कॉपीराइट कायद्यातलं 19वं कलम उघडून दाखवलं: करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारताचा. माझं पुस्तक चार वर्षं माझंच होतं आणि मला पत्ता नव्हता! म्हणून मुदत, प्रती, मानधनाचे टक्के, भाषांतर आणि ऑडिओचे हक्क, सगळं लिहून घे. लाजू नकोस.

पैशाचा हिशेबही मांडते. 200 रुपयांचं पुस्तक, दहा टक्के मानधन, 500 प्रती खपल्या, तर हातात 10,000 रुपये. त्यासाठी कदाचित दोन वर्षं जातील. तेव्हा बँकेची नोकरी सोडायचा विचार मनातून काढ. मी शाळेच्या आधी पहाटे पाच ते सव्वासहा लिहायची, शंभर पानी वहीत, रोज दोन पानं. तुला रात्र सोयीची असेल तर रात्री लिही.

थंडी पडू लागलीय, रोहित येऊ लागतील. या महिन्यातला एक रविवार भिगवणला जा, तोच नावाडी गाठ आणि इंजिन कुठे बंद करायचं हे त्याला कसं कळतं ते विचार. मग तिसरं प्रकरण नव्याने लिही आणि पोस्टाने पाठव. मोबाईलवर माझी पेन्सिल चालत नाही. समास जरा रुंद सोड.

तुझ्या
बाई