अमेरिकी नौदलाचे सॅल्व्हेज टग (संकटातली जहाजं ओढून वाचवणाऱ्या नौका) बंदरातल्या टगपेक्षा वेगळे कसे? आणि त्यावर नौसैनिक का नसतात?

बंदरातला टग जहाजाला ढकलून धक्क्याला लावतो. सॅल्व्हेज टगला मात्र भर समुद्रात, बंद पडलेलं किंवा पाणी शिरलेलं जहाज शेकडो मैल ओढत न्यायचं असतं. त्यामुळे इंधनाच्या मोठ्या टाक्या, पाणी उपसणारे पंप, आग विझवायची यंत्रणा आणि पाण्याखाली उतरून काम करणाऱ्या गोताखोरांसाठी जागा लागते.

खरी करामत ओढायच्या तारेत असते. ती कधीच ताठ ठेवत नाहीत. शेकडो मीटर लांबीची जाड पोलादी तार सोडली की स्वतःच्या वजनाने तिला पाण्यात झोळ पडतो. लाटेवर जहाज मागे खेचलं गेलं की आधी हा झोळ सरळ होतो, त्यामुळे झटका मऊ बसतो. झोळ नसेल तर चांगली तारही तुटते, आणि तुटलेली तार डेकवर माणूस उभा चिरते. म्हणूनच ओढकाम चालू असताना मागच्या डेकवर विनाकारण कुणी फिरकत नाही.

हे टग अमेरिकी नौदलाच्या साहाय्यक सेवेत, म्हणजे लढाऊ नसलेल्या जहाजांच्या ताफ्यात येतात, आणि तिथे खलाशी मुख्यतः नागरी असतात, कारण हे काम लढाईचं नाही, वर्षानुवर्षांच्या सरावाचं आहे. ऑक्टोबर 2000 मध्ये एडनला ‘कोल’ या अमेरिकी विनाशिकेवर हल्ला झाला, 17 नौसैनिक गेले. भगदाड पडलेली ती विनाशिका बंदराबाहेर ओढून ‘ब्लू मार्लिन’ या अवजड वाहतूक जहाजापर्यंत नेली ती ‘कटॉबा’ या अशाच टगने. या खलाशांची नावं फारशी कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.