नायलॉनमधे रबर घालताय? आधी हे वाचा

अरे नुसतं रबर वाढवून टफनेस (न तुटता आघात झेलायची ताकद) येत नाही, मी पण सुरवातीला तेच करायचो, साधं ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) २० टक्के घातलं आणि नॉच्ड आयझॉडला (खाच पाडलेल्या बारवर आघात करायची चाचणी) बार काडीसारखा कट्कन मोडला. तुटलेला भाग नीट बघ, गुळगुळीत गोल खड्डे दिसले (त्यासाठी एसईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागेल म्हणा) तर समज रबराचे गोळे नुसते सुटून आलेत, धरून ठेवणारं कोणी नाहीये. नायलॉन ६ साठी मॅलेइक अनहायड्राइड ग्राफ्ट केलेलं (म्हणजे रबराच्या साखळीला हे रसायन जोडलेलं) ईपीडीएम घे, त्याचा अनहायड्राइड नायलॉनच्या अमाइन टोकाशी एक्स्ट्रूडरमधेच (प्लास्टिक वितळवून मिसळायचं मशीन) रिअ‍ॅक्ट होतो, रबराचे कण १ मायक्रॉनच्या खाली येतात आणि मग तुटताना पांढरं पडतं, ते चांगलं लक्षण. सगळंच ग्राफ्टेड घालू नकोस, मेल्ट (वितळलेलं मिश्रण) घट्ट होतो, कण फारच बारीक झाले तर टफनेस उलट कमी होतो, म्हणून थोडं साधं ईपीडीएम मिसळून बघ. आणि हो, नायलॉन ८० डिग्रीला नीट वाळव! बार पण मोल्डिंगनंतर सीलबंद ठेव, कारण ओल शोषलेलं नायलॉन आपोआपच टफ वाटतं आणि आपण उगाच खूष होतो. पीपी-ईपीडीएमला (पॉलीप्रॉपिलीनमधे ईपीडीएम) मात्र हा मॅलेइकचा खटाटोप बहुतेक वेळा नकोच, दोघं नॉनपोलरच आहेत, म्हणजे एकमेकांशी बऱ्यापैकी जुळतात, तिथे मिक्सिंग बघ.