तोशिरो मिफुने अभिनेते कसे झाले? जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांशिवाय त्यांचं काही काम आहे का?

खरं तर त्यांना अभिनेता व्हायचंच नव्हतं. जन्म १९२०चा, चीनमधल्या चिंगदाओचा. आईवडील जपानी, वडिलांचा फोटोचा धंदा. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेल्यावर त्यांना काम मिळालं ते विमानातून घेतलेल्या फोटोंचं. युद्ध संपल्यावर ते तोहो या जपानी चित्रपट स्टुडिओत गेले, तेही कॅमेऱ्यामागचं काम मागायला. पण पोहोचले नव्या चेहऱ्यांच्या निवड चाचणीत! तिथला त्यांचा रागीट अवतार परीक्षकांपैकी अनेकांना रुचला नाही. कुरोसावांना मात्र तोच भावला.

१९४८ ते १९६५ या काळात दोघांनी १६ चित्रपट केले. 'सेव्हन सामुराय' बहुतेकांनी पाहिलेला असतो. मी म्हणेन, 'थ्रोन ऑफ ब्लड'चा शेवट पाहा. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वर बेतलेल्या या चित्रपटात त्यांच्या आजूबाजूच्या फळ्यांत घुसणारे बाण खरेखुरे आहेत, तिरंदाजांनी सोडलेले. चेहऱ्यावरची भीती निव्वळ अभिनय नसावी!

'योजिम्बो' आणि 'रेड बिअर्ड'साठी व्हेनिस चित्रपट महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. 'रेड बिअर्ड'नंतर मात्र ही जोडी फुटली. कारणांबद्दल तर्क पुष्कळ आहेत, त्यात शिरत नाही.

आता दुसरा प्रश्न. काम भरपूर आहे. स्वतःची निर्मिती संस्था काढली, एका मेक्सिकन चित्रपटात चक्क मेक्सिकन माणूस रंगवला, १९८०च्या 'शोगुन' मालिकेतला तोरानागाही त्यांचाच. पण कुरोसावांबरोबरची धार त्यात क्वचितच दिसते, हे माझं मत. डिसेंबर १९९७मध्ये ते गेले.