दळणाला काढलेली सायकल

"मॅडम, सगळं करून पाहिलं, पण शांत म्हणून वाटत नाही."

समुपदेशनाच्या कामात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरचा माणूस खुर्चीत नीट टेकायच्या आतच मला त्याची चाहूल लागते. 'सगळं' म्हणजे काय, तेही बहुतेक ठरलेलं असतं. पहाटेचा प्राणायाम, मोबाइलमधलं ध्यानाचं ॲप, दहा दिवसांचं मौनाचं शिबिर, गच्चीवरची कुंड्यांतली बाग. अलीकडे त्यात सायकलची भर पडली आहे. मित्र सांगतात, सायकल घे, डोकं मोकळं होतं. माणूस चांगली महागातली सायकल घेतो, डोकं आहे तसंच राहतं. मग तो माझ्याकडे येतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "माझ्यातच काही बिघाड आहे का?"

असं विचारणाऱ्यांपैकी एकांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माझ्या नोंदवहीत त्यांच्या नावाऐवजी 'सायकलवाले' असंच लिहिलेलं आहे, इथेही तेच ठेवते.

सायकलवाले शेहेचाळीस वर्षांचे. मेकॅनिकल इंजिनिअर, पुण्यात मोठ्या पगाराची नोकरी, बायको शिकवणारी, मुलगी बारावीला. पहिल्याच भेटीत त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. झोप पाच तास दहा मिनिटं, त्यातली गाढ झोप इतकी, विश्रांतीतले हृदयाचे ठोके इतके, गेल्या वर्षी सायकलवर किती किलोमीटर, किती चढ. मी सगळं बघितलं आणि फोन बाजूला ठेवायला सांगितलं.

"सिंहगडाला दर रविवारी जाता ना? खडकवासल्याच्या पाण्याकडेनं?"

"हो, तीन वर्षं."

"यंदा पाणी कधी आटायला लागलं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "ते... लक्ष नाही गेलं."

"मग बघता काय?"

"मीटर," ते म्हणाले. जरा वेळानं, "आणि पुढच्याचं मागचं चाक."

त्यांच्या अस्वस्थतेची सुरुवात कुठून झाली ते दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कळलं. आदल्या डिसेंबरात त्यांनी 200 किलोमीटरची बीआरएम केली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा फ्रेंच प्रकार आहे. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत आणि 600 चाळीस तासांत पुरी करायची. चारही एकाच मोसमात केलीत तर 'सुपर रँदोनर'. गंमत म्हणजे यात पहिला-दुसरा नंबर काढतच नाहीत, वेळेच्या आत पोचलेले सगळे सारखेच. सायकलवाले दोनदा पंक्चर झाले आणि बारा मिनिटं उशिरा पोचले. तेव्हापासून रात्री दोनला जाग यायची आणि डोक्यात हिशेब सुरू व्हायचा. पहिल्या पंक्चरला ट्यूब बदलायला अठरा मिनिटं लागली, ती दहात झाली असती तर. चहाला थांबलो नसतो तर.

"बारा मिनिटं, मॅडम," ते म्हणायचे. जणू मी त्यातली दोन-चार परत मिळवून देणार होते.

इथे मी एक चूक केली, ती लपवत नाही. मी सांगितलं, "या रविवारी मीटर काढून ठेवा आणि नुसती सायकल चालवा." मला वाटलं, झालं काम. पुढच्या भेटीत ते पडलेल्या चेहऱ्यानं आले. मीटर काढला होता, पण मग ते रस्त्याकडेचे विजेचे खांब मोजत गेले. दोन खांबांमधलं अंतर अंदाजे धरलं, मनात सेकंद मोजले आणि वेग काढला.

"शांत काही वाटलं नाही. तुमच्या गृहपाठात नापास."

मी हसले, ते हसले नाहीत. त्या रात्री घरी भांडी आवरताना माझ्या ध्यानात आलं की मी तरी वेगळं काय केलं होतं? त्यांच्या यादीत आणखी एक रकाना वाढवून दिला होता. 'शांत वाटलं: हो किंवा नाही.'

मी ज्या विचारपद्धतीनं काम करते तिचे जनक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस. 1955 पासून त्यांनी एकच गोष्ट परोपरीनं सांगितली, की माणसाला जेवढं इच्छा छळत नाही तेवढा हट्ट छळतो. इंग्रजीत त्यासाठी 'मस्ट' हे अख्खं क्रियापद लागतं. मराठीत 'च' हे एक अक्षर पुरतं. 'वेळेत पोचायला हवं' इथवर सगळं ठीक असतं. 'वेळेत पोचायलाच हवं' म्हटलं की रात्री दोनला जाग येते. मी माझ्याकडे येणाऱ्यांना घरी बोलताना स्वतःचे 'च' टिपायला सांगते. पाच-सहा सापडतील म्हणून वही उघडतात आणि संध्याकाळपर्यंत पान भरतं. पण सायकलवाल्यांचा सगळ्यात पक्का 'च' बीआरएमचा नव्हताच. 'सायकल चालवल्यावर मला शांत वाटलंच पाहिजे' हा होता. तो मला सहाव्या भेटीपर्यंत दिसला नाही, आणि दिसला तो माझ्या हुशारीनं नाही, दळणामुळे.

त्या आठवड्यात त्यांची सायकल दुरुस्तीला गेली होती, मागच्या चाकाचा हब उघडला होता. शनिवारी आईनं गव्हाचा डबा पुढे केला. गाडीपुढे कुणीतरी टेम्पो लावलेला, स्कूटर मुलीनं नेलेली. खाली पार्किंगच्या कोपऱ्यात वडिलांची सायकल होती. चोवीस इंची, काळी, पुढच्या मडगार्डला डायनमोचा दिवा. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. आई ती विकू देत नव्हती आणि वॉचमन अधूनमधून चालवत असल्यामुळे चाकांत हवा होती.

"लेंगा आणि स्लिपर घालून गेलो, मॅडम. कुणी ग्रुपमधलं दिसलं तर काय, अशी धाकधूक होती."

"मग?"

"गिरणीत नंबर होता. बसलो बाकावर. पीठ उडत होतं. मग डबा कॅरियरला जुन्या ट्यूबनं बांधला आणि निघालो." ते थांबले. "दळण गरम असतं ना. डबा मागून कमरेला लागत होता. थंडी होती जरा. ते ऊन ऊन बरं वाटत होतं. चेनकव्हर दर फेरीला एकदा घासत होतं, खर्र, खर्र. वळायचं ते वळलोच नाही. नदीवरच्या पुलावर गेलो, पलीकडून चक्कर मारून आलो."

"किती वेळ गेला असेल?"

"माहीत नाही."

मी पेन खाली ठेवलं. सहा भेटींत आकड्याच्या प्रश्नाला 'माहीत नाही' हे उत्तर मी पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या कामात टाळ्या वाजत नाहीत, पण असे क्षण मला ओळखू येतात आणि आल्याचा थोडा अभिमानही वाटतो. मी काही बोलले नाही. तो पूल, ते पीठ, सगळं काही वेळ खोलीत तसंच राहू दिलं.

आणि मग त्यांनी विचारलं, "हे आता परत कसं आणायचं?"

कारण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले होते. तीच सायकल, तीच वेळ, तोच पूल. कॅरियरला रिकामा डबासुद्धा बांधला होता! काहीच झालं नाही. परतताना चिडचिड झाली ती वेगळीच.

"शनिवारी कशासाठी निघाला होतात?"

"दळणाला."

"आणि रविवारी?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग पहिल्यांदा मोकळेपणी हसले. "शांत वाटायलाच."

तो 'च' त्यांनी स्वतः उच्चारला आणि स्वतःच ऐकला. मी सांगितला असता तर त्यांनी तो मोबाइलमध्ये टिपून ठेवला असता.

मी बालपण उकरत बसणाऱ्यांपैकी नाही. पण वडिलांची सायकल खोलीत आलीच होती, म्हणून विचारलं, सायकल कुणी शिकवली? त्यांचे वडील खडकीला दारूगोळा कारखान्यात होते. भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा निघायचा, शेकडो घंट्या एकदम. पुणं तेव्हा सायकलींचं शहर म्हणून मिरवायचं. सकाळी वेळेत आत गेलं नाही तर त्या दिवसाची हजेरी जायची, हे ते घरात ऐकतच वाढले. नोकरीच्या वर्षांत वडील एकदाही उशिरा पोचले नाहीत, ही घरातली अभिमानाची गोष्ट. बारा मिनिटं कुठून आली याबद्दल मी आणखी काही म्हटलं नाही. त्यांचं त्यांनाच कळलं, चेहऱ्यावर दिसलं.

"शिकवताना काय सांगायचे?"

"नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारायचो. डावीकडे पडायला लागलो की घाबरून उजवीकडे हँडल ओढायचो आणि आणखी जोरात आपटायचो. अण्णा ओरडायचे, जिकडं पडतोयस तिकडंच वळव!"

मग त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला. त्यांनी माझ्याच कागदावर आकृती काढून दाखवली. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला चाक किंचित वळलं, की चाकं परत भाराखाली येतात आणि ती सावरते. आपण सरळ चालवतोय असं वाटतं तेव्हाही हँडल बारीक बारीक डावं-उजवं होतच असतं. ते घट्ट धरून अगदी सरळ रेषेत जायचं म्हटलं, तर माणूस पडतो.

आकृती अर्धी असतानाच त्यांचा हात थांबला. मला जे सांगायला आणखी तीन भेटी लागल्या असत्या ते त्या कागदावर होतं. अस्वस्थ वाटायला लागलं की ते उलट बाजूला हँडल ओढत होते: ॲप, शिबिर, आणखी लांबची राइड. आम्ही ठरवलं ते एवढंच. रात्री दोनला जाग आली की हिशेब थोपवायचा नाही. उठून बसायचं, 'बारा मिनिटं उशीर झाला, वाईट वाटलं, अजूनही वाटतंय' असं स्वतःला सांगायचं आणि पाणी पिऊन पडायचं. झोप आली तर आली. त्यांनी अर्थातच विचारलं, "किती दिवसांत फरक पडेल?" मी म्हटलं, "माहीत नाही." या वेळी दोघंही हसलो.

आता जे हे वाचून सायकल घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी थोडं. लगेच घेऊ नका, आधी कुणाची तरी मागून आणा. सीटची उंची तेवढी नीट करा, पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी. बहुतेकांची सीट फार खाली असते, चार दिवसांत गुडघे दुखतात आणि सायकल बाल्कनीत जाते. हेल्मेट, मागचा लाल दिवा. आणि सुरुवातीला शांततेसाठी बाहेर पडूच नका. दळण, दूध, वाचनालयाचं पुस्तक, काहीतरी काम घेऊन निघा. सायकल चालवताना पाय, हात, डोळे, कान सगळ्यांना थोडं थोडं काम असतं. काळजी करायला मन उरतं, पण पूर्ण उरत नाही. कधी त्या फटीतून हवा येते, कधी येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एक बाई म्हणतात, मला शांतबिंत काही नको, पाऊण तास 'आई, माझा टॉवेल कुठाय' ऐकू येत नाही तेवढं पुरे. त्यांचं मला फार पटतं.

मीटरवर माझा राग नाही. आकड्यांची मजा येणारे लोक असतात, त्यांनी बीआरएम जरूर करावी. प्रश्न इतकाच, की आकडा चुकला तर तुमची फक्त राइड बिघडते, की तुम्हीच बिघडलात असं वाटायला लागतं?

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत खिन्न असेल, झोप-भूक गेली असेल, कशातच रस उरला नसेल, किंवा जगू नये असं मनात येत असेल, तर सायकलनं निभेल म्हणून वाट बघू नका. मनोविकारतज्ज्ञांना भेटा. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस फोनसेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येतं. सायकलवाल्यांना मी पहिल्याच भेटीत हे सगळं विचारलं होतं आणि एकदा तज्ज्ञांकडे पाठवलंही होतं. औषधाची गरज नाही असं तिथून कळल्यावरच आम्ही पुढे गेलो.

नवव्या भेटीला ते वीस मिनिटं उशिरा आले. मी घड्याळ बघितलं, त्यांनी नाही. वडिलांच्या सायकलवर आले होते. वाटेत चेन पडली होती, दोन्ही हात काळे. मी बेसिन दाखवलं, साबण लावून धुतले तरी नखांत वंगण राहिलंच. चहाच्या कपाला त्यांची बोटं उमटली. बोलणं फारसं झालं नाही. मुलीला ती सायकल चालवून बघायची आहे, पण पाय पुरत नाहीत, एवढंच मनापासून सांगितलं.

निघताना मी सवयीनं वही उघडली. "पुढची वेळ कोणती देऊ?"

"बघू," ते म्हणाले. "वाटलं तर फोन करीन."