आई आजारी पडली तेव्हा मी लडाखमध्ये होते

‘सप्रेम नमस्कार. मी ४७ वर्षांची असून कांदिवलीला राहते आणि बँकेत नोकरी करते. माझी ७२ वर्षांची आई गिरगावातल्या आमच्या जुन्या चाळीत भाऊ आणि वहिनी यांच्याजवळ असते. तिची औषधे आणि विम्याचा हप्ता मी पाहते, बाकी सारे ते दोघे. गेल्या मे महिन्यात पती, मुलगी आणि मी लडाखला गेलो होतो. पँगाँगच्या काठी तंबूत मुक्काम होता, त्याच संध्याकाळी आईला पक्षाघाताचा झटका आला. चहा देताना वहिनीला तिचे तोंड एका बाजूला ओढलेले दिसले, तिने भावाला हाक मारली आणि दोघांनी टॅक्सीने तिला रुग्णालयात नेले. दीड तासाच्या आत स्कॅन होऊन गुठळी विरघळवणारे इंजेक्शनही मिळाले. माझे प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नव्हते, म्हणून भावाने माझ्या पतींच्या पोस्टपेड क्रमांकावर कळवले. पतींनी मला ते दुसऱ्या दिवशी दुपारी, लेहला परतल्यावर सांगितले. तिसऱ्या दिवशी आम्ही मुंबईत पोहोचलो. आई आता घरी आहे, पण उजवा हात अशक्त आहे आणि बोलताना शब्द अडकतात. पतींना मी अजून क्षमा करू शकलेले नाही. वहिनी प्रत्येक भेटीत काहीतरी लावून बोलते. “फोटो मात्र सुंदर आले हो ताई तुमचे” हे तिचे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. दिवाळीत सासू-सासऱ्यांना घेऊन केरळला जायचे ठरले आहे आणि तिकिटेही काढलेली आहेत. मला जाववत नाही आणि रद्द केले तर घरात वाद होतील. मी काय करावे? — एक अपराधी लेक’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राखालची सही आधी बाजूला ठेवू या, कारण पत्रातली हकिगत त्या सहीला दुजोरा देत नाही. पँगाँग सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० मीटर उंचीवर आहे आणि तेथून लेहला यायचे तर नेहमीच्या रस्त्यावर ५,००० मीटरहून उंच असलेली ‘चांग ला’ ही खिंड ओलांडावी लागते. तो पाच-सहा तासांचा रस्ता रात्री कापायला कोणताही समंजस चालक सहसा तयार होत नाही. लेहहून विमाने प्रामुख्याने सकाळी सुटतात, कारण दुपारनंतर तेथले वारे उड्डाणाला त्रासदायक ठरतात. म्हणजे बातमी त्याच संध्याकाळी तुमच्या कानावर आली असती तरी तुम्ही पहाटे निघून दुपारपर्यंत लेहला आला असता आणि विमान त्यापुढच्या सकाळचेच मिळाले असते. ते तुम्हाला मिळालेच.

उपचारांचा हिशोबही पाहा. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात ती विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्या मर्यादेतही प्रत्येक मिनिट मोलाचे असते. तुमच्या आईंना ते दीड तासात मिळाले. तुम्ही त्या दिवशी कांदिवलीत घरीच असता, तरी संध्याकाळच्या गर्दीतून चर्नी रोडला उतरून चाळीत पोहोचेपर्यंत तुमचे भाऊ आणि वहिनी त्यांना घेऊन केव्हाच रुग्णालयात गेलेले असते. त्यामुळे तुमच्या लडाखला जाण्याने आईंच्या उपचारांत एका मिनिटाचाही फरक पडलेला नाही, हे मी तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही. तुम्हीच लिहिलेल्या तपशिलांतून ते निघते.

तुमच्या पतींविषयी मात्र माझे मत इतके सौम्य नाही. इतक्या उंचीवर नीट झोप लागत नाही, श्वास अपुरा पडतो, मुलगी बरोबर आहे आणि सकाळपर्यंत करण्यासारखे काहीच नाही, असा विचार त्यांनी केला असावा, आणि त्या विचारात काळजी होती यात शंका नाही. तरीही ती बातमी तुमच्या आईची होती आणि ती केव्हा ऐकायची हे ठरवण्याचा अधिकार तुमचा होता. त्या रात्री तुम्ही त्यांच्याच फोनवरून भावाशी बोलू शकला असता. पक्षाघाताचा रुग्ण दाखल होतो तेव्हा डॉक्टर नातेवाइकांना काही ठरावीक प्रश्न विचारतात: रुग्ण शेवटचा व्यवस्थित केव्हा दिसला होता, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, अलीकडे एखादी शस्त्रक्रिया झाली होती का. आईंची औषधे तुम्ही मागवता, म्हणजे गोळ्यांची नावे तुम्हालाच सर्वांत नीट ठाऊक होती. या वेळी त्यावाचून अडले नाही. पुढच्या वेळी अडू शकते.

आपल्याकडे परगावी असलेल्या माणसाला वाईट बातमी न कळवण्याची किंवा अर्धीच कळवण्याची जुनी रीत आहे. माणूस गेलेला असतानाही ‘तब्येत जास्त आहे, निघून या’ एवढेच सांगितले जाते, आणि प्रवासाला निघालेल्याला ते उमगलेले असूनही वाटेत कोणाजवळ रडता येत नाही. ज्याच्या वाट्याला हे एकदा आले, तो पुढे कोणी ‘काळजीचे कारण नाही’ म्हटले तरी त्यावर विश्वास ठेवू शकत नाही. तुमच्या रागाचे मूळ मला येथेच दिसते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कदाचित सरोवराकाठी हसत चहा घेतला असेल आणि आपल्या शेजारी बसलेल्या माणसाला सर्व माहीत होते, हे आठवून तुम्हाला आज अपमान वाटत असेल. हे त्यांना याच शब्दांत सांगा. सासू-सासऱ्यांच्या देखत नको आणि मुलीसमोरही नको. त्यांनी ती रात्र कशी काढली तेही विचारा आणि उत्तर मध्येच न तोडता ऐका. मग दोघांनी मिळून एक नियम ठरवा: ज्याच्या माणसाची बातमी असेल त्याला ती मिळताक्षणी सांगायची, रात्र असो वा प्रवास. क्षमा त्यानंतर किती दिवसांनी येते याची घाई करू नका; नियम मात्र लगेच ठरवा.

आता वहिनींकडे वळते, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातला खरा गुंता तेथे आहे. त्यांचा टोमणा तुम्ही शब्दशः उतरवून पाठवला आहे. मात्र आईंचे ओढलेले तोंड त्यांना दिसले, ही गोष्ट एका वाक्यात आटोपली आहे. पक्षाघाताच्या खुणा, म्हणजे तोंड वाकडे होणे, एक हात वर न राहणे, बोलणे अडखळणे, या अनेक घरांत दिसूनही ‘थकवा आला असेल, जरा पडू द्या’ म्हणून झोपेवर ढकलल्या जातात आणि जागे होईपर्यंत इंजेक्शनची वेळ टळून जाते. वहिनींनी चहा ठेवून हाक मारली. तुमच्या आई आज चालत्या-बोलत्या आहेत त्याचे मोठे श्रेय त्या एका हाकेला आहे. मे महिन्यापासून आजपर्यंत तुम्ही हे त्यांना एकदा तरी सांगितले आहे का? पत्रावरून तरी तसे दिसत नाही.

‘फोटो सुंदर आले’ हे वाक्य बोचरे आहे आणि ते योग्य होते असे मी म्हणणार नाही. पण त्यामागे काय आहे तेही दिसते. तुम्ही निर्धास्तपणे लडाखला जाऊ शकलात, कारण गिरगावात कोणीतरी घरी होते. ते दोघे एकत्र कोठे शेवटचे गेले होते, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि मला वाटते तुम्हाला ते चटकन आठवणारही नाही. त्या टोमण्याचा रोख तुमच्या सहलीवर कमी आणि त्यांची पाळी कधीच न येण्यावर अधिक असावा. त्यामुळे तुम्ही केरळची तिकिटे रद्द केलीत तर वहिनींच्या हाती काहीही लागणार नाही. उलट तुमचे दुःख पाहून त्यांनाच तुमची समजूत घालत बसावे लागेल.

त्यांच्या हाती लागेल असे काही द्यायचे असेल तर आईंच्या पुनर्वसनाचे काम ठरवून अंगावर घ्या. पक्षाघातानंतर सुधारणा सर्वांत वेगाने पहिल्या काही महिन्यांत होते, त्यामुळे हे काम दिवाळीपर्यंत लांबवण्यासारखे नाही. गिरगावाहून फार दूर नसलेल्या हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय शारीरिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तेथे हाताच्या व्यायामाविषयी चौकशी करा. शब्द अडकण्यासाठी वाचा-उपचार लागतात, आणि त्यासाठी वांद्रे रेक्लेमेशनला वाणी व श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. पक्षाघात झालेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना पुढे नैराश्य येते. आई गप्प-गप्प राहत असतील, जेवण कमी झाले असेल तर ‘आजारपणामुळे असेल’ असे म्हणून सोडून न देता डॉक्टरांच्या कानावर घाला. आठवड्यातले दोन ठरावीक दिवस तुमचे असू द्या. त्या दिवशी वहिनी घरात असल्या काय आणि नसल्या काय, आईंचे जेवण, व्यायाम आणि ने-आण तुम्ही पाहाल, असे स्पष्ट बोलून ठेवा. ‘काही लागले तर सांगा’ हे वाक्य मात्र वापरू नका. ते ऐकणाऱ्याला आणखी एक काम लावते.

कागदपत्रांचे काम तर तुमच्याच हातातले आहे. हप्ता तुम्ही भरता आणि त्या संध्याकाळी तुमच्याशी संपर्क नव्हता, तेव्हा रुग्णालयाचे पैसे भावाने खिशातून भरले असण्याची शक्यता मोठी आहे. तसे असेल आणि विम्याचा दावा अजून केलेला नसेल, तर डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले, पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या आणि तपासण्यांचे अहवाल घेऊन आजच कंपनीशी बोला, कारण अशा दाव्यांना पॉलिसीत मुदत घातलेली असते. मुदत उलटली असेल तरी उशिराचे कारण लेखी देऊन अर्ज करा. रुग्णालयाकडून एखादा कागद मिळाला नसेल तर लेखी मागा. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी देणे बंधनकारक आहे. आलेली रक्कम सरळ भावाच्या खात्यात जमा करा.

तुमच्या आई सत्तरी ओलांडलेल्या आहेत, म्हणून त्यांचे केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेतले आयुष्मान वय वंदना कार्डही काढून घ्या. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्यावरील वयाच्या नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता, योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांत, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यातून मिळतात. खासगी विमा असला तरी हे कार्ड काढता येते. सासू-सासरे त्या वयाचे असतील तर त्यांचेही काढा. ते राज्याबाहेरही चालते, म्हणजे केरळमध्येही हाताशी राहील.

गिरगावच्या घरात, फोनमध्ये नव्हे तर कपाटाच्या दारावर, एक कागद लावा. त्यावर आईंच्या गोळ्यांची नावे आणि मात्रा, कशाची ॲलर्जी, नेहमीच्या डॉक्टरांचा क्रमांक, विम्याचा क्रमांक, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हा आकडा मोठ्या अक्षरांत असू द्या. कोठेही निघताना मुक्कामांची आणि तेथल्या दूरध्वनींची यादी भावाकडे ठेवा. पोस्टपेड सिमचा धडा तर तुम्ही घेतलाच असेल. त्याबरोबर भावाशी हेही आधी बोलून ठेवा की तातडीचा निर्णय जो जवळ असेल तो घेईल, सही तो करील, आणि दूर असलेले माणूस नंतर ‘त्या रुग्णालयात का नेले’ असे विचारणार नाही. हे शेवटचे लेकींना फार जड जाते, म्हणून मुद्दाम लिहिते.

राहता राहिले केरळ. जा. आईंच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या आणि त्यांनी हरकत घेतली नाही तर सासू-सासऱ्यांना घेऊन मोकळ्या मनाने जा. कोचीहून आणि तिरुवनंतपुरमहून मुंबईला थेट विमाने आहेत आणि मुन्नारसारख्या डोंगरातून कोचीचा विमानतळ काही तासांच्या अंतरावर आहे, तेव्हा पँगाँगची अडचण तेथे येणार नाही. फक्त दिवाळीच्या आधी एक आठवडा रजा काढा, गिरगावात राहायला जा आणि भाऊ-वहिनींना बाहेर पाठवा. कोठे जायचे ते तुम्ही ठरवून तिकिटे हातात ठेवू नका, वहिनींना विचारा.