न्यूरोमान्सर दोनदा चाळीस पानांत सोडलं. कसं वाचावं?

आपलं इंग्रजी कच्चं असेल असं तुम्ही म्हणताय, पण अडचण ती नाही. विल्यम गिब्सननं 1984च्या या विज्ञानकादंबरीत जवळजवळ काहीच समजावून सांगितलेलं नाही. बडोद्यात मांडवीच्या पोळांत, म्हणजे अरुंद गल्ल्यांत, नवखा माणूस प्रत्येक पाटी वाचत थांबला, तर चांपानेर दरवाजा गाठणार कधी? तेव्हा शब्दागणिक गूगल नको.

गोची पहिल्याच वाक्यात आहे. आभाळाचा रंग बंद चॅनलच्या टीव्हीचा, म्हणजे मुंग्यांचा करडा. हल्ली सिग्नल गेला की निळा पडदा येतो; तो डोळ्यांपुढे आणलात तर चिबा या जपानी शहराचं मळकं आभाळ निरभ्र होऊन बसतं! 'मायक्रोसॉफ्ट' ही इथं कंपनी नाही, कानामागच्या खाचेत बसवायची चिप आहे. 'आइस' म्हणजे डेटाभोवतीची तटबंदी, 'डेक' म्हणजे केस या हॅकर नायकाचं संगणकजाळ्यात शिरायचं यंत्र, 'कन्स्ट्रक्ट' म्हणजे मेलेल्या हॅकरची साठवून ठेवलेली नक्कल. बाकीचे शब्द दोन-तीनदा भेटले की आपसूक कळतात. (तीन मेगाबाइट रॅम चोरीचा माल म्हणून विकायला काढलेली दिसेल. हसा आणि पुढं चला.)

पहिली दोन प्रकरणं एका बैठकीत संपवा. तुम्ही सोडलंत साधारण तिथंच चिबा संपतं आणि खरा कट सुरू होतो. तिथून एकच प्रश्न धरून ठेवा: केसला कामावर आर्मिटेजनं ठेवलं, मग आर्मिटेजला कुणी?

खरी कसोटी चौथ्या प्रकरणात. केस डेकवरून सेन्स/नेटच्या यंत्रणेत शिरलाय, त्याची साथीदार मॉली त्याच कंपनीच्या इमारतीत प्रत्यक्ष घुसलीय. सिमस्टिमचं, म्हणजे दुसऱ्याच्या संवेदना अनुभवायच्या सोयीचं, बटण दाबलं की केसला तिचे डोळे मिळतात, तिच्या मोडलेल्या पायाची कळसुद्धा. ही उडी एखाद्या छोट्या वाक्यात उरकलेली असते. ते निसटलं की पुढचं पान निरर्थक वाटतं. समासात पेन्सिलीनं 'के' आणि 'मॉ' लिहीत जा. हे प्रकरण दोनदा वाचलं तरी चालेल, कारण तेरा ते तेवीस प्रकरणांचा सगळ्यात लांब भाग याच युक्तीवर चालतो. तिथं ओळखीचा चेहरा भलत्याच ठिकाणी बोलायला लागला, तर आपलं काही वाचायचं राहिलं असं समजू नका. त्या तोंडून कोण बोलतंय, ते बघा.

इस्तंबूलचा तुकडा भरभर वाचलात तरी चालेल, फक्त रिव्हिएरा या पात्राचं नाव लक्षात ठेवा.

तरीही अडलात तर आधी 1981ची 'जॉनी नेमॉनिक' ही गिब्सनची कथा वाचा. एका बैठकीत होते, आणि मॉली तिथंच पहिल्यांदा भेटते.