वहीवाटप झालं, आता चष्म्याचं बोलू

जून उजाडला की आणि गणपती उठले की माझ्या टपालाचा विषय ठरलेला असतो. चार पैसे बाजूला आहेत, गरीब मुलांसाठी काही करायचं आहे, तर काय करू? ३१ वर्षं मुंबई पालिकेच्या मराठी शाळांत शिकवलं, त्यातली २२ गोवंडी-मानखुर्दच्या पट्ट्यात गेली, म्हणून लोक मला विचारतात. यावेळी अशी चार पत्रं घेतली आहेत. पाचवं पत्र देणाऱ्याचं नाही, घेणाऱ्या घरातलं आहे.

बाई, नमस्कार. नातवाचा पहिला वाढदिवस आहे. हॉटेलात पैसे घालवण्यापेक्षा पालिका शाळेतल्या शंभर मुलांना दप्तर आणि वह्या द्याव्यात असं आम्हा दोघांच्या मनात आहे. चाळीस हजारांपर्यंत खर्च करू शकतो. कोणत्या शाळेत जावं?
— एक आजोबा, मुलुंड

आजोबा, आधी नातवाला आशीर्वाद. आणि आता दप्तरं राहू द्या.

मुंबई महापालिका आपल्या शाळेतल्या मुलांना २७ शालेय वस्तू मोफत देते. दप्तर, वह्या, गणवेश, बूट, सगळं त्यात आलं. त्यावर देणगीदारांची दप्तरं येतात, मग नगरसेवकाचा फोटो छापलेली. एका वर्षी माझ्या वर्गात काही मुलांकडे तीन-तीन दप्तरं झाली होती. एकीच्या घरी गेले तर तिसऱ्या दप्तरात कांदे भरून ते खिळ्याला टांगलेलं. त्या माउलीचं काही चुकलं नव्हतं. कांद्यांना हवा लागते.

त्याच वर्षी त्याच वर्गात सहावीतला एक मुलगा होता. उंच, म्हणून मी त्याला शेवटच्या बाकावर बसवलं होतं. फळ्यावरचं कधी उतरवायचा नाही, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवायचा आणि शेजाऱ्याच्या चुकाही जशाच्या तशा घ्यायचा. प्रगतिपुस्तकात दोन्ही सत्रांना मी शेरा दिला, ‘लक्ष देत नाही.’ पुढच्या जूनमध्ये एका संस्थेची डोळे तपासणारी माणसं आली तेव्हा कळलं की दोन्ही डोळ्यांना उणे चारच्या आसपास नंबर आहे. चष्मा आला त्या दिवशी तो फळ्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “बाई, तिथे तुम्ही रोज पट लिहिता होय?” पट ४६, हजर ३९. मागचं अख्खं वर्ष मी ते रोज लिहीत होते, आणि त्याच्या लेखी तिथे काहीच नव्हतं.

तो काही पहिला-बिहिला आला नाही. शेजाऱ्याच्या चुका त्याच्या वहीत यायच्या थांबल्या आणि स्वतःच्या येऊ लागल्या. मुलाच्या स्वतःच्या चुका शिक्षकाला दुरुस्त करता येतात, शेजाऱ्याकडून उतरवलेल्या नाही.

तेव्हा मुख्याध्यापकांना भेटा आणि एकच विचारा: मागच्या तपासणीत कुणाकुणाला चष्मा, कानाचं यंत्र किंवा दातांचे उपचार सांगितले होते आणि त्यातल्या किती जणांना ते मिळाले? ती यादी निघाली की तुमचे चाळीस हजार कुठे जायचे ते आपोआप ठरेल. साधा चष्मा काही शे रुपयांत होतो. पण पैसे एका चष्म्याचे धरू नका, दोनचे धरा. पहिला मधल्या सुट्टीत तुटतो, नाहीतर शाळेत तुटेल म्हणून आई तो घरी टीव्हीवर ठेवते. शिवाय वाढत्या वयात नंबर बदलतो, दर वर्षी डोळे पुन्हा तपासावे लागतात. तुमचा नातू दोन वर्षांचा होईल तेव्हा याच शाळेत परत जा.

एक संस्था महिना ठरावीक रक्कम घेऊन ‘एका मुलाचं पालकत्व’ देते. मुलीचा फोटो आणि तिने काढलेलं चित्रही आलं. पण मैत्रीण म्हणते, पैसे त्या मुलीपर्यंत जातच नाहीत, सगळे पगारात जातात. कसं ओळखायचं?
— एक नोकरदार वाचक, डोंबिवली

बहुतेक ठिकाणी पैसे एकत्रच केले जातात, आणि तसेच व्हायला हवेत. एका बाकावरच्या मुलीला देणगीदार मिळाला आणि शेजारणीला नाही, म्हणून एकीलाच दूध द्यायचं, हे कुठल्याही शाळेत चालणार नाही. फोटो तुमच्या समाधानासाठी असतो. मला विचाराल तर संस्थेला कळवून टाका की फोटो नको, वर्षाचा हिशेब पाठवा.

पगाराची तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता थोडी चीड येते. मुलांना शिकवणार कोण, भिंती? आपल्या मुंबईतलंच उदाहरण घ्या. ‘प्रथम’ ही संस्था इथल्या वस्त्यांतल्या बालवाड्यांपासून वाढली. त्यांनी पालिका शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. बालसखी म्हणजे वस्तीतलीच शिकलेली तरुण मुलगी. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं रोज दोन तास वेगळी बसवून ती त्यांच्याकडून अक्षरं आणि बेरीज-वजाबाकी पक्की करून घ्यायची. मानधन तेव्हा महिना पाचशे ते साडेसातशे रुपये. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात याचं मोजमाप केलं. मुलांचे गुण स्पष्ट वाढले, आणि सगळ्यात मागची मुलं सगळ्यात जास्त पुढे सरकली. (याच बॅनर्जी-डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात तो फायदा बराचसा ओसरला, हेही त्यांनीच लिहून ठेवलं आहे. म्हणजे बालसखी एक वर्ष ठेवून भागत नाही. आणि तिच्यावरचा खर्च कागदोपत्री ‘पगार’ याच नावाखाली दिसणार.

आता कागदपत्रं. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासाची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते. नोंदणी क्रमांक मागा, तो बहुधा ‘ई’ किंवा ‘एफ’ने सुरू होतो. लेखापरीक्षण झालेला ताळेबंद मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं. पैसे बँकेतूनच द्या. दोन हजारांवर रोख दिलेत तर देणगीवरची आयकरातली ८०जीची सवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ती तशीही मिळत नाही. सवलतीच्या आशेने मार्चअखेर धावपळ करणाऱ्यांनी एवढं आधी बघून घ्यावं.

आमच्या मंडळाकडे यंदा दीड लाख शिल्लक आहेत. शेजारच्या वस्तीत लहान मुलांसाठी एक दिवसाचं मोफत आरोग्य शिबिर घ्यायचं ठरतंय. मार्गदर्शन करावं.
— मंडळाचा एक कार्यकर्ता, लालबाग

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी काय होणार, ते ठरलंय का? नसेल तर मांडववाल्याला आगाऊ रक्कम देऊ नका.

शिबिरात काय होतं ते मी पुष्कळदा पाहिलं आहे. दंडाचा घेर मोजायची एक रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाला ती गुंडाळतात. १२.५ सेंटिमीटरच्या वर हिरवं, ११.५ ते १२.५ पिवळं, ११.५ च्या खाली लाल. लाल म्हणजे तीव्र कुपोषण, म्हणजे मूल तातडीने डॉक्टरांना दाखवायला हवं. काम अर्ध्या मिनिटाचं. पट्टी लाल आली की सगळे हळहळतात, आईच्या हातात चिठ्ठी देतात, ‘सायनला दाखवा,’ म्हणजे पालिकेच्या सायन रुग्णालयात. आणि आई घरी जाते.

ती सायनला का जात नाही? निष्काळजी असते म्हणून नाही. चार घरची धुणीभांडी असतात. एक खाडा झाला की पैसे कापतात, तीन झाले की काम जातं. केसपेपर एका खिडकीवर, रक्त दुसरीकडे, रिपोर्ट परवा. म्हणजे दोन खाडे. धाकटं मूल कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न वेगळाच.

राजस्थानात उदयपूरच्या खेड्यांत ‘सेवा मंदिर’ संस्थेने लसीकरणात हा प्रश्न सोडवून पाहिला. जिथे काहीच वेगळं केलं नाही तिथे १०० पैकी जेमतेम ६ मुलांचं लसीकरण पूर्ण झालं होतं. गावातच ठरलेल्या दिवशी न चुकता शिबिर भरवलं तिथे १८. आणि शिबिराला प्रत्येक खेपेला एक किलो डाळ, सगळ्या लसी झाल्यावर थाळ्यांचा संच, एवढं जोडलं तिथे ३९. डाळ वाटूनही एका मुलामागचा खर्च उलट कमी आला, कारण नर्स बसलेलीच होती आणि आता तिच्यासमोर रांग होती.

म्हणून माझा सल्ला असा. मांडव, बॅनर, पाहुण्यांचे नारळ-शाल यांना फाटा द्या. वस्तीतली, रुग्णालयाच्या खिडक्या माहीत असलेली एखादी बाई वर्षभर मानधनावर घ्या. अंगणवाडी सेविकेला आणि आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला विचारून ती लाल-पिवळ्या पट्टीवाल्या मुलांच्या आयांबरोबर रुग्णालयात जाईल. आईला रिक्षाचे पैसे आणि बुडालेल्या रोजाचे पैसे तिच्यामार्फत द्या. थोडी रक्कम पालिकेच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात समाजसेवा विभागाला भेटून ‘पुअर बॉक्स’ निधीत टाका. ज्या आईकडे बाहेरून आणायच्या औषधाचे पैसे नसतात, तिला तिथला समाजसेवक त्यातूनच मदत करतो.

जंताच्या गोळ्या मात्र विकत घेऊ नका. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीत त्या फुकट मिळतात. लोहाच्या गोळ्यांचंही तसंच, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी, आठवड्याला एक. तिथे अडतं ते वेगळ्याच गोष्टीवर. गोळीने शौचाला काळी होते, आई घाबरते आणि गोळी बंद करते. तुमची ती बाई हे दारात उभं राहून दोन वाक्यांत समजावेल: काळं होणारच, घाबरू नका, जेवणानंतर द्या आणि वर लगेच चहा देऊ नका.

तुमच्याच भागात परळला मुलांचं वाडिया रुग्णालय आहे. १९२९ सालचं, देणगीतूनच उभं राहिलेलं. आत जाऊन एकदा ओपीडीच्या बाकावर तासभर बसा. शिबिराचा विचार तिथेच बदलेल.

लग्नात उरलेलं जेवण वस्तीतल्या मुलांना दिलं तर चालेल का?
— एक यजमान, बोरिवली

रात्री बारा वाजता उरलेली बासुंदी दुसऱ्या दिवशी दुपारी तुमच्या नातवाला द्याल का? नाही ना, मग नाही. गरम असतानाच नेणारी माणसं आधी ठरवून ठेवली असतील तर जरूर द्या.

बाई, मी घरकाम करते. माझी मुलगी नववीत आहे. एक संस्था तीन वर्षं तिच्या क्लासचे आणि प्रवासाचे पैसे देते. दर वर्षी त्यांच्या कार्यक्रमात मुलांनी माईकवर घरची परिस्थिती सांगायची असते. मागच्या वेळी तिने बाप दारू पितो ते सांगितलं. हॉलमध्ये तिच्या वर्गातल्या मुलीची आई चहा द्यायला होती. शाळेत सगळ्यांना कळलं. यंदा जाणार नाही म्हणते. नाही गेली तर पैसे बंद होतील का?
— एक आई, मानखुर्द (पत्र शेजारणीकडून लिहून घेतलेलं)

ताई, मुलीचं बरोबर आहे. तिला तसं आज रात्रीच सांगा, बाकीचं नंतर.

हे पत्र मी दोनदा वाचून ठेवून दिलं होतं, कारण मी स्वतः मुलांना असं उभं केलेलं आहे. आमच्या शाळेला संगणक देणारे पाहुणे यायचे होते. सातवीतल्या एका मुलीला मी घरचं सांगायला तयार केलं. “हळू बोल, रडू आलं तरी चालेल,” असं म्हणाले होते मी. ती रडली, संगणक आले, मला शाबासकी मिळाली. पुढचे चार महिने ती माझ्या तासाला खाली मान घालून बसायची. मला वाटायचं, लाजाळू आहे.

आता पैशांचं. हे पैसे सोडायचे नाहीत. मोफत शिक्षणाचा कायदा ६ ते १४ वयासाठी, आठवीपर्यंतचा. खरी गळती त्यानंतर होते, शाळा लांबची होते, क्लास लागतो, आणि मुलगी घरी बसवली जाते. नववी-दहावीचे पैसे म्हणूनच फार मोलाचे.

कार्यक्रमाच्या दिवसाची वाट बघू नका. ट्रस्टी साहेबांकडेही जाऊ नका, त्यांचा मान मध्ये येतो. तुमच्या घरी येते ना संस्थेची कार्यकर्ती, तिला गाठा. तिलाही बहुधा तो माईक आवडत नसतो. तिच्या हातात असं पत्र द्या: ‘माझ्या मुलीला तुमच्या मदतीचा फार उपयोग होतो. सोबत तिची गुणपत्रिका आणि हजेरी जोडली आहे. ती स्टेजवर बोलणार नाही. देणगीदारांना ती कधीही अभ्यासाबद्दल पत्र लिहील. तिचं नाव आणि फोटो वापरू नये ही विनंती.’ खाली तुमची सही किंवा अंगठा. मुलीची नको, हे तुमचं म्हणणं आहे. एक झेरॉक्स घरी ठेवा.

त्यांनी पैसे थांबवले तर मासिकाच्या पत्त्यावर मला लगेच कळवा, दुसरी सोय बघू. पत्रात तिच्या वडिलांविषयी एक अक्षर लिहू नका. ते एकदा सांगून झालं आहे.